रशियातील सर्वांत कडाक्याची थंडी उत्तर किनाऱ्यावर का पडत नाही?

नकाशावेडा (धागाकर्ता)

भिंतीवर लावायला म्हणून रशियाचा एक मोठा प्राकृतिक नकाशा आणला आणि तेव्हापासून रोज रात्री मी त्याच्यासमोर मोजपट्टी घेऊन उभा असतो. सुमारे १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि ११ कालविभाग हे आकडे पाठ असतात, पण नकाशा समोर आला की प्रश्न पडू लागतात. त्यांतला एक काही केल्या सुटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पूर्व सैबेरियातील ओइम्याकोन हे गाव साधारण ६३.५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही दक्षिणेला आहे. तेथील जानेवारीचे सरासरी तापमान उणे ४६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिक्सी हे बंदर थेट आर्क्टिक महासागराच्या काठावर, ७१ अंशांच्याही पलीकडे आहे आणि तेथे हीच सरासरी उणे ३० च्या आसपास राहते. उत्तरेकडे जावे तशी थंडी वाढायला हवी. येथे ती कमी होते.

यावरचे शाळेतले उत्तर मला ठाऊक आहे. समुद्रकाठी सम हवामान आणि समुद्रापासून दूर विषम हवामान. पण मोजपट्टी लावल्यावर हे उत्तर डळमळते. ओइम्याकोनपासून ओखोत्स्क समुद्राचा किनारा सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे. मॉस्कोला सर्वांत जवळचा समुद्र फिनलंडच्या आखाताचा आणि तो त्याहून दूर आहे. तरीही मॉस्कोची जानेवारीची सरासरी उणे ६ ते ७ अंशच! समुद्राला अधिक जवळ असलेले गाव तब्बल चाळीस अंशांनी अधिक थंड कसे?

माझे मत असे आहे की समुद्रापासूनचे अंतर हे कारण पाठ्यपुस्तकांनी सोयीसाठी ठेवलेले असून खरे कारण पूर्णपणे स्थानिक, म्हणजे त्या दरीच्या खोलगटपणात आहे. जाणकारांनी हे मत अवश्य खोडून काढावे.

वातकुक्कुट

मत अर्धे बरोबर आहे, त्यामुळे अर्धेच खोडतो. आपण अंतर मोजले, पण वारा कोणत्या बाजूने येतो हे पाहिले नाही. या अक्षांशांत वर्षाचा बहुतेक काळ वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. मॉस्कोला मिळणारी हिवाळी ऊब फिनलंडच्या आखातातून येत नाही, ती थेट अटलांटिक महासागरावरून येते, आणि त्या महासागराचा उत्तर भाग उष्ण प्रवाहामुळे आपल्या अक्षांशाच्या मानाने बराच उबदार आहे. वाटेत तिला अडवणारी मोठी पर्वतरांग नाही. ओइम्याकोनच्या बाबतीत ओखोत्स्क समुद्र आहे पूर्वेला आणि दक्षिणेला, म्हणजे वाऱ्याच्या पाठीमागे. शेजाऱ्याच्या घरी शेगडी पेटलेली आहे, पण वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत आहे, अशी ती अवस्था आहे.

त्यात भर म्हणजे हिवाळ्यात सैबेरियावर थंड आणि जड हवेचा प्रचंड थर साचतो आणि जास्त दाबाचे क्षेत्र तयार होते. मध्य सैबेरियातील अगाता येथे ३१ डिसेंबर १९६८ रोजी समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला दाब १०८३.८ हेक्टोपास्कल नोंदला गेला होता. सर्वसाधारण दाब १०१३ च्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. एवढ्या दाबाच्या प्रदेशातून वारा बाहेर पडतो, आत शिरत नाही. ओखोत्स्क समुद्राचा बराच भाग तर हिवाळ्यात स्वतःच गोठलेला असतो, मग तो दुसऱ्याला काय ऊब देणार?

पडताळा पाहायचा असेल तर एकाच अक्षांशावरून पूर्वेकडे सरकत जावे. मॉस्को, कझान आणि नोवोसिबिर्स्क ही तिन्ही शहरे ५५ ते ५६ अंशांच्या पट्ट्यात आहेत. जानेवारीची सरासरी अनुक्रमे सुमारे उणे ६, उणे १० आणि उणे १७. अक्षांश तोच आहे, फक्त अटलांटिक मागे पडत गेला.

सरळरेघ

नकाशा कोणत्या प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या कोणत्या पद्धतीचा आहे, ते आधी तपासावे. मर्केटर असेल तर मोजपट्टी बाजूला ठेवावी, कारण त्यात रशिया आफ्रिकेपेक्षा मोठा दिसतो आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या पावणेदोन पट आहे. त्या नकाशात उत्तरेकडचे प्रत्येक गाव आपल्या लायकीपेक्षा जास्त जागा अडवून बसलेले असते.

नकाशावेडा

सरळरेघ, शंका रास्त आहे. नकाशा शांकव प्रक्षेपणाचा आहे आणि अंतरे मी अक्षांश-रेखांशांवरून पुन्हा काढून पाहिली आहेत. घरात हे स्पष्टीकरण कोणी मागितले नव्हते, येथे मागितले गेले याचे समाधान वाटले.

वातकुक्कुट, शेगडीचे उदाहरण पटले. पण मग व्लादिवोस्तोकचे काय? ते तर समुद्राच्या काठावरच आहे.

वातकुक्कुट

व्लादिवोस्तोक हाच माझ्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा आहे. ते सुमारे ४३ अंशांवर आहे आणि काळ्या समुद्राकाठचे सोची त्याहून किंचित उत्तरेला. दोन्ही बंदरे, दोन्ही एकाच देशात. सोचीची जानेवारीची सरासरी शून्याच्या वर ६ अंश, व्लादिवोस्तोकची उणे १२. हिवाळ्यात व्लादिवोस्तोकला वारा जमिनीवरून येतो, त्यामुळे समुद्र डोळ्यांसमोर असूनही उपयोगाचा नसतो आणि उपसागरांत बर्फ फोडणारी जहाजे फिरवावी लागतात. उन्हाळ्यात वारा उलटतो, मग तेच शहर आठवडेच्या आठवडे धुक्यात आणि पावसात बुडते. मोसमी वाऱ्यांचा हा अगदी उत्तरेकडचा नमुना आहे.

आता उलट टोक पाहा. मुर्मान्स्क ६९ अंशांवर, आर्क्टिक वृत्ताच्या आत आहे. तेथील जानेवारीची सरासरी उणे १० च्या आसपास असते आणि बंदर हिवाळ्यातही जहाजांना खुले राहते. म्हणजे मुर्मान्स्कचा हिवाळा त्याच्या २६ अंश दक्षिणेला असलेल्या व्लादिवोस्तोकपेक्षा सौम्य आहे.

भूगर्भी

वातकुक्कुट यांच्या प्रतिसादात वारा सर्व काही करतो आणि जमीन नुसती पडून राहते, असे वाटू लागले म्हणून लिहितो. सोची उबदार आहे ते केवळ काळ्या समुद्रामुळे नाही. त्याच्या पाठीशी कॉकेशसची भिंत आहे, ज्यात ५,६४२ मीटर उंचीचा एल्ब्रुस उभा आहे, आणि उत्तरेची थंड हवा ती भिंत सहसा ओलांडू शकत नाही.

या देशाची प्राकृतिक रचना थंडीला सोयीची आहे. उत्तर बाजू जवळजवळ सताड उघडी, दक्षिणेला मात्र कॉकेशस, अल्ताई, सायान आणि त्यांच्याही पलीकडे मध्य आशियातील उंच पर्वत, ज्यांमुळे हिंदी महासागराची दमट हवा येण्याचा प्रश्नच उरत नाही. पूर्वेला वेर्खोयान्स्क आणि चेर्स्की यांच्या रांगा. उरल पर्वत मोठा गाजलेला असला तरी तो उत्तर-दक्षिण पसरलेला असल्यामुळे आर्क्टिकच्या वाऱ्याला त्याचा अडथळा शून्य. त्याचे सर्वोच्च शिखर नारोदनाया १,८९५ मीटरचे आहे, त्यामुळे पश्चिमेच्या वाऱ्यांनाही तो फारसा रोखत नाही. पश्चिम उतारावर पाऊस-बर्फ थोडा जास्त पडतो, एवढेच.

आता धागाकर्त्यांच्या दरीकडे येतो. ओइम्याकोन सुमारे ७४० मीटर उंचीवरच्या, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात आहे. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम साडेचार तासांचा असतो आणि सूर्य क्षितिजाला घासून जातो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, खाली पांढरा बर्फ. जमिनीची उष्णता रात्रभर आकाशात निघून जाते आणि तिला झाकायला ढगांचे पांघरूण नसते. गार झालेली हवा जड होऊन उतारांवरून ओघळते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. वारा नसल्यामुळे ती ढवळलीही जात नाही. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात, आणि तिचा परिणाम असा की तेथे हिवाळ्यात डोंगर चढू लागल्यावर थंडी कमी होते. किनाऱ्यावरच्या तिक्सीला हे सुख नाही, किंवा दुःख नाही म्हणा. तेथे वारा सतत थर मोडत असतो आणि गोठलेल्या समुद्राच्या बर्फाखालच्या पाण्यातूनही थोडी उष्णता वर झिरपत असते.

म्हणजे दरी हे कारण आहेच, पण ही दरी मॉस्कोजवळ नेऊन ठेवली तर तेथे उणे ४६ होणार नाही.

आठवा_प्रहर

दरी मॉस्कोजवळ नेण्याचा खर्च कोण करणार, हे आधी ठरवावे.

येनिसेकाठ

विषय जिव्हाळ्याचा आहे. शिक्षणासाठी मी सहा वर्षे क्रास्नोयार्स्कला होतो. पहिल्या हिवाळ्यात, बाहेर उणे ३५ असताना, सकाळी वसतिगृहाच्या खिडकीतून पाहिले तर समोर येनिसे नदी चक्क वाहत होती. गोठलेली नव्हती. नदीवरून वाफ उठत होती, जणू कोणी खालून जाळ लावला आहे, आणि ती वाफ काठावरच्या झाडांवर जाऊन बसत होती. नदीकडच्या बाजूने प्रत्येक काडी बोटभर जाडीच्या तुषाराने पांढरी झालेली आणि त्याच झाडाची शहराकडची बाजू काळी, उघडी.

कारण नंतर कळले. शहराच्या वरच्या अंगाला, दिवनोगोर्स्कजवळ, मोठे धरण आहे. जलाशयाच्या खोल थरातले पाणी हिवाळ्यातही शून्याच्या थोडे वर असते आणि तेच जनित्रांमधून खाली सोडले जाते. ते पुन्हा गोठेपर्यंत नदी बरेच अंतर काटते, त्यामुळे शहरातून ती बारमाही वाहती राहते. एरवी हीच नदी हिवाळ्यात रस्त्यासारखी वापरता आली असती.

पाणी वाहते म्हणजे शहर उबदार झाले असेल, असे मला वाटले होते. उलट झाले. दमट थंडी हाडांत शिरते आणि धुके दुपारपर्यंत हटत नाही. आमच्या वसतिगृहातली एक याकुत्स्कची मुलगी म्हणायची की आमच्याकडची उणे ५० ही तुमच्या उणे ३० पेक्षा बरी, निदान ती कोरडी आणि वाऱ्याशिवाय असते. मी तेव्हा हसलो होतो. नंतर एकदा उणे २० आणि जोराचा वारा यांत पुलावरून चालत गेलो आणि तिची मनोमन क्षमा मागितली.

कासव

येनिसेकाठ, झाडाच्या दोन बाजूंचे वर्णन फार आवडले.

नीचांकांबद्दल थोडे लिहितो, कारण त्यावरून दोन गावांत जुना मानापमान आहे. वेर्खोयान्स्कने फेब्रुवारी १८९२ मध्ये उणे ६७.८ नोंदवले आणि ओइम्याकोनने फेब्रुवारी १९३३ मध्ये उणे ६७.७. एका दशांशाचा हा वाद असून दोन्ही गावे स्वतःला थंडीचा ध्रुव म्हणवून घेतात. ओइम्याकोन या नावाचा अर्थ न गोठणारे पाणी असा सांगितला जातो, हे वाचून मला आधी चेष्टा वाटली होती, पण जवळच्या झऱ्यांमुळे तेथे काही ठिकाणी पाणी हिवाळ्यातही वाहते.

मला खरे नवल उन्हाळ्याचे वाटते. त्याच वेर्खोयान्स्कमध्ये २० जून २०२० रोजी ३८ अंश तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने डिसेंबर २०२१ मध्ये ते आर्क्टिक वृत्ताच्या आतील उच्चांक म्हणून मान्य केले. दोन टोकांतला फरक शंभराच्या पुढे गेला. समुद्रकाठी असे होऊच शकत नाही, म्हणून पाठ्यपुस्तकाला इतके दोष देऊ नयेत.

मातीचा_कस

याकुत्स्कला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण २४० मिलिमीटर पडतो. आकडा वाळवंटाच्या काठाचा आहे, तरी सभोवार अफाट जंगल आहे. हे कसे जमते? उत्तर पायांखाली आहे. तेथे जमीन कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात फक्त वरचा मीटर-दोन मीटरचा थर वितळतो. खालचा बर्फ पाणी मुरू देत नाही, त्यामुळे जेवढे पडते तेवढे मुळांपाशीच थांबते. त्या झाडांनीही जुळवून घेतले आहे. तेथला मुख्य वृक्ष लार्च हा सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पाने गाळतो आणि मुळे खोल न नेता आडवी पसरतो. खालची जमीन असमान वितळली की तीच झाडे वाटेल तशी कलतात आणि अशा जंगलाला तेथे नशेतले जंगल म्हणतात.

रशियाच्या एकूण जमिनीचा निम्म्याहून बराच अधिक भाग असा गोठलेला आहे. याकुत्स्कमध्ये फ्योदोर शेर्गिन या गृहस्थाने १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. नऊ वर्षे खणून तो ११६ मीटर खोल गेला, तरी तळाशी गोठलेलीच जमीन होती. पाणी मिळाले नाही, पण १८४० च्या दशकात मिडेंडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याच विहिरीत उतरून वेगवेगळ्या खोलींवरची तापमाने मोजली आणि गोठलेल्या जमिनीच्या अभ्यासाला पाया मिळाला. फसलेल्या विहिरीने एवढे शास्त्र दिल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

तेथील इमारती जमिनीवर टेकवत नाहीत. खांब खोल गाडून इमारत त्यांवर उचलून धरतात आणि खाली मोकळी जागा ठेवतात, जेणेकरून घराची ऊब जमिनीपर्यंत पोहोचू नये. पाण्याचे आणि वाफेचे नळही जमिनीवरून जातात आणि रस्ता आला की कमानीसारखे वर चढून पलीकडे उतरतात. खांबांखालची जमीन मऊ झाली तर काय होते, हे मे २०२० मध्ये नोरिल्स्कजवळ दिसले: डिझेलची एक प्रचंड टाकी फुटली आणि सुमारे वीस हजार टन इंधन नद्या-नाल्यांत आणि जमिनीत गेले.

भूगर्भी

मातीचा_कस यांना एक पुरवणी, आणि किंचित मतभेद. प्रतिसाद वाचून असे वाटू शकते की आजच्या थंडीने ही जमीन गोठवली. वरचे थर तसेच आहेत, पण काही ठिकाणी ही गोठलेली जाडी हजार मीटरच्याही पुढे जाते आणि तेवढी खोली गाठायला हजारो वर्षे लागतात. ती हिमयुगाची शिल्लक आहे.

यातली गंमत अशी की हिमयुगात युरोपच्या उत्तरेवर किलोमीटरांच्या जाडीचा बर्फ होता, तर पूर्व सैबेरियाचा सखल भाग बहुतांशी उघडा होता. थंडी प्रचंड होती, पण बर्फ पडायला हवेत ओलावा लागतो आणि तो अटलांटिकपासून येथवर येईतो संपून गेलेला असे. बर्फाचे जाड आवरण असते तर जमिनीला गोधडीसारखा आडोसा मिळाला असता. तो न मिळाल्यामुळे थंडी थेट खाली उतरत गेली. म्हणजे वातकुक्कुट यांचा पश्चिमेचा वारा केवळ आजचे तापमानच नव्हे, तर जमिनीखालची जाडीही ठरवून गेला आहे. आता त्यांनी फार खूश होऊ नये.

वातकुक्कुट

झालो आहे. इलाज नाही.

नावाडी

नद्यांचा उल्लेख इतक्या उशिरा येतो आहे याचे आश्चर्य वाटते. ओब, येनिसे आणि लेना या तिन्ही महानद्या दक्षिणेत उगम पावून उत्तरेला आर्क्टिककडे जातात. वसंतात बर्फ आधी वितळतो तो वरच्या अंगाला, कारण तो दक्षिणेला आहे. मुखाकडे नदी अजून गोठलेलीच असते. वरून आलेले पाणी आणि बर्फाचे तुकडे पुढच्या बर्फावर आदळतात, तुकड्यांवर तुकडे चढतात आणि नदीत आपोआप बांध तयार होतो. मे २००१ मध्ये लेनाकाठचे लेन्स्क शहर अशाच बांधामुळे बुडाले आणि त्यातली हजारो घरे उद्ध्वस्त झाली. बर्फ फोडण्यासाठी तेथे विमानांतून बॉम्ब टाकावे लागले होते.

ओबची व्यथा निराळी आहे. ती पश्चिम सैबेरियाच्या मैदानातून वाहते आणि हे मैदान इतके सपाट आहे की पाण्याला कोठे जावे हे कळत नाही. एकट्या वासुगान दलदलीचा विस्तार ५० हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. हिवाळ्यात नदीवर बर्फाचे झाकण बसते, दलदलीतून येणाऱ्या पाण्यात प्राणवायू अत्यल्प असतो आणि मासे गुदमरू लागतात. मग ते स्वच्छ उपनद्यांच्या मुखांशी आणि झऱ्यांपाशी दाटी करतात. तेथील कोळ्यांना ही ठिकाणे पिढ्यानुपिढ्या माहीत आहेत.

आठवा_प्रहर

एवढे गोडे पाणी उत्तरेच्या निर्जन समुद्रात जाते, ते दक्षिणेला वळवावे असे कोणाच्या मनात आले नाही का?

नावाडी

आले, आणि नुसते मनात राहिले नाही. सैबेरियाच्या नद्या मध्य आशियाकडे वळवण्याची योजना सोव्हिएत काळात अनेक दशके चर्चेत होती. त्याच विचारातून पेचोरा नदीचे पाणी कामा नदीमार्गे व्होल्गाकडे आणण्यासाठी कालवा खणायचा म्हणून मार्च १९७१ मध्ये जमिनीखाली तीन अणुस्फोट एकाच वेळी करण्यात आले. कालवा झाला नाही, एक लांबट तळे तेवढे उरले. नद्या वळवण्याची योजना शेवटी १९८६ मध्ये गुंडाळली गेली.

कासव

सर्वच नद्या उत्तरेला जात नाहीत, एवढी नोंद असावी. आमूर पूर्वेला जाते आणि व्होल्गा दक्षिणेला. व्होल्गा वाल्दाईच्या टेकड्यांत केवळ २२८ मीटर उंचीवर उगम पावते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २८ मीटर खाली असलेल्या कास्पियनला मिळते. ३,५३० किलोमीटरांच्या प्रवासात सगळा उतार अडीचशे मीटरच्या थोडा वर. नदी कसली, अतिशय सावकाश चाललेली विचारप्रक्रिया आहे ती.

आगगाडी

सपाटीबद्दल मीही बोलू शकतो, कारण मी ती खिडकीतून पाहिली आहे. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा ९,२८९ किलोमीटरांचा लोहमार्ग मी एकदा संपूर्ण केला. उरल पाहण्यासाठी मी पहाटे उठून बसलो होतो. १,७७७ व्या किलोमीटरवर युरोप आणि आशिया यांच्या सीमेचा स्तंभ झर्रकन मागे गेला, आजूबाजूला झाडीच्या ठेंगण्या टेकड्या होत्या. मी अजून पर्वताची वाट पाहत होतो आणि डब्यातल्या परिचारिकेने चहा देताना सांगितले की तो होऊन गेला.

त्यानंतर ओम्स्क ते नोवोसिबिर्स्क सहाशे किलोमीटरांहून अधिक अंतरात मी एकही चढ पाहिला नाही. बर्चची झाडे, गवत, पाणथळ, पुन्हा बर्च. भूगर्भी यांनी उत्तर बाजू सताड उघडी आहे असे लिहिले, ते मला तेथे अंगावर समजले. जून महिना होता, आदल्या दिवशी लोक फलाटावर अर्ध्या बाह्यांत उभे होते, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा आला तसे सगळ्यांनी पेट्यांतून जाड कोट काढले. कोणालाही त्याचे आश्चर्य वाटले नाही.

त्या काळी सर्व गाड्यांची वेळापत्रके आणि स्थानकांवरची घड्याळे मॉस्कोच्या वेळेवर चालत. बाहेर भर दुपार आणि फलाटावर सकाळचे सात, असे सुरू असे. १ ऑगस्ट २०१८ पासून स्थानिक वेळ छापू लागले, हे प्रवाशांच्या सोयीचे असले तरी मला थोडे वाईट वाटले.

पुढे बैकल आला. गाडी दोनशेच्या आसपास किलोमीटर त्याच्या काठाने जाते. बाहेर ऊन असूनही काठावर बोचरी थंडी होती.

मातीचा_कस

ती थंडी सरोवराचीच. बैकल १,६४२ मीटर खोल आहे आणि जगातील न गोठलेल्या भूपृष्ठीय गोड्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या त्याच्यात आहे. एवढे पाणी तापायलाही वेळ घेते आणि निवायलाही. आजूबाजूचा प्रदेश ऑक्टोबर-नोव्हेंबरातच गोठतो, पण बैकल पूर्ण गोठायला जानेवारी उजाडतो आणि त्याचा बर्फ मे महिन्यापर्यंत टिकतो. त्यामुळे काठावर डिसेंबर आसपासच्या प्रदेशाहून सौम्य आणि जून थंड. खंडाच्या मधोमध एक छोटा समुद्र ठेवल्यासारखे हे आहे, आणि धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाला ते उपयोगी पडावे.

ईशान्या

सगळे सैबेरियातच रमले आहेत म्हणून कामचत्काची आठवण करून देते. पेत्रोपाव्लोव्स्क ५३ अंशांवर आहे आणि त्याची जानेवारीची सरासरी उणे ७ च्या आसपास, म्हणजे मॉस्कोएवढीच. वर्षभरात हजार मिलिमीटरहून अधिक पर्जन्य होतो. हिवाळ्यात घरांची दारे बर्फात गाडली जातात. पूर्वेलाही समुद्राची ऊब मिळू शकते, पण त्यासाठी पॅसिफिकमध्ये एवढे पुढे घुसलेले द्वीपकल्प असावे लागते. उन्हाळा मात्र तेथे जेमतेमच असतो. समुद्राने हिवाळ्यात जे दिले ते तो उन्हाळ्यात वसूल करतो.

नकाशावेडा

सर्वांचे प्रतिसाद नकाशावर पेन्सिलीने मांडत गेलो. समुद्राचे अंतर टाकाऊ कारण आहे हे माझे विधान मागे घेतो, पण मोजपट्टीने मोजलेले अंतर टाकाऊ आहे हे कायम ठेवतो. अंतर वाऱ्याच्या दिशेने मोजायला हवे होते. त्या हिशेबाने ओइम्याकोनचा समुद्र अटलांटिक आहे आणि तो हजारो किलोमीटर दूर आहे.

आज एक जोडी आणखी सापडली. मगादान ओखोत्स्क समुद्राच्या काठावर आहे आणि तेथे जानेवारीची सरासरी उणे १६ च्या आसपास. तेथून ओइम्याकोन सुमारे सहाशे किलोमीटर. एवढ्याच अंतरात तीस अंशांची घसरण! मधल्या डोंगररांगा आणि भूगर्भी यांची साचलेली हवा यांच्याशिवाय हे शक्य नाही, त्यामुळे दरीबद्दलचे माझे म्हणणे अगदीच वाया गेले नाही.

एक शंका मात्र उरते. वारा हेच मॉस्कोच्या सौम्यतेचे कारण असेल, तर तो काही काळ थांबला तर काय होईल?

वातकुक्कुट

हा प्रयोग २०१० च्या उन्हाळ्यात होऊन गेला आहे. युरोपीय रशियावर जास्त दाबाचे क्षेत्र आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसले आणि अटलांटिकची हवा त्याला वळसा घालून जाऊ लागली. २९ जुलै रोजी मॉस्कोत ३८.२ अंशांची नोंद झाली. आसपासच्या कोरड्या पडलेल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनी पेटल्या, त्यांचा धूर शहरात साचला आणि वारा नसल्यामुळे तो बरेच दिवस हलला नाही.

येनिसेकाठ

त्या उन्हाळ्यात मी मॉस्कोमार्गे परत येत होतो. विमानतळावर दुपारी दिवे लावलेले होते आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत होते. तो तांब्याच्या नाण्यासारखा दिसत होता.